इमारतींचा काँक्रीटी अंगरखा

पुण्याचा शनिवारवाडा इ. स. १७३२ मध्यें बांधून पुरा झाला. त्याच्या तटाकडे पाहिलें म्हणजे ‘भिंत’ या शब्दाचा जुना अर्थ चटकन ध्यानांत येतो. खालीं घडीव दगड, वर वीटकाम, आणि रुंदी इतकी कीं, तटावरून माणसांनीं खुशाल फिरावें. आपल्या आजोबा-पणजोबांच्या साध्या घरांतहि प्रकार तोच. प्रमाण काय तें लहान. भिंत पाऊस अडवी, ऊन अडवी, कोनाडे आणि फडताळें आपल्या पोटांत घेई, आणि लांकडी खांबांच्या जोडीनें वरच्या मजल्याचा भारहि वाही.

आज शहरांतून पेढ्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि दुकानांच्या ज्या दहा-वीस मजली इमारती उठत आहेत, त्यांच्या बाहेरच्या भिंतीनें हें ओझें केव्हांच खालीं ठेवलें आहे. भार वाहतो तो खांब, तुळया आणि स्लॅब यांचा सांगाडा. भिंतीनें वाहावयाचें कांहीं उरलें नाहीं. उलट तिलाच आतां सांगाड्यावर टांगावें लागतें. भिंत जाऊन तिच्या जागीं अंगरखा आला, असें म्हटलें तरी चालेल. हा अंगरखा कांचेचा असूं शकतो, पत्र्याचा असूं शकतो, पातळ दगडी फरश्यांचा असूं शकतो, आणि खुद्द काँक्रीटचाहि असूं शकतो. या शेवटच्या प्रकाराविषयीं आज चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय केवळ अभियंत्यांचा आहे असें वाचकांनीं मानूं नये. आपल्यापैकीं कोणी सहकारी पेढीच्या संचालक मंडळावर असतो, कोणी एखाद्या शिक्षणसंस्थेच्या बांधकाम समितीवर. आणि जो कोठेंच नसतो, तोहि या इमारतींच्या खालून रोज चालत असतो.

काँक्रीटचें कुळ पाहूं गेल्यास त्याच्या नांवांतच एक नक्कल दडलेली आढळते. इंग्लंडांत लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन नांवाच्या गवंड्यानें चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या एका चूर्णाचें पेटंट १८२४ सालीं घेतलें. तें घट्ट झालें म्हणजे पोर्टलंड येथील इमारती दगडासारखें दिसतें, म्हणून त्यास पोर्टलंड सिमेंट हें नांव पडलें. म्हणजे जन्मापासूनच या द्रव्याची महत्त्वाकांक्षा दगड म्हणून मिरविण्याची! पुढें १८६७ त फ्रान्समधील जोसेफ मोनिए या माळ्यानें सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घालण्याचें पेटंट घेतलें, आणि लोखंड व काँक्रीट यांचा संसार सुरू झाला. या संसाराचें सुखदुःख पुढें येईलच.

काँक्रीटचा सांगाडा उभा राहूं लागला तरी त्याला उघड्या अंगानें रस्त्यावर यावयास लाज वाटत होती. ऑग्यूस्त पेरे यानें १९०३-०४ च्या सुमारास पॅरिसमधील र्‍यू फ्रांक्लँ या रस्त्यावर जी प्रसिद्ध इमारत बांधली, तिचा सांगाडा काँक्रीटचा असल्याचें बाहेरून स्पष्ट उमगतें. तरीहि त्यानें तो सारा भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरश्यांनीं मढवून काढला. त्या काळीं हें साहजिकच होतें. ओतलेल्या काँक्रीटचा रंग राखेसारखा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचीं भोंकें आणि साच्याच्या फळ्यांचे वण. सभ्य वस्तींत त्यास कोण येऊं देणार?

हा संकोच घालविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं वॉशिंग्टनच्या जॉन अर्ली या कारागिराकडे जातें. त्याचा बाप आयर्लंडांतून आलेला पाथरवट-शिल्पकार. मुलाची नजर दगडाची, पण हातीं आलेलें द्रव्य सिमेंट. त्यानें एक साधी गोष्ट ओळखली. काँक्रीट कुरूप दिसतें तें त्याच्या वरच्या सिमेंटच्या सायीमुळें. तिच्या खालीं जी खडी असते तिला स्वतःचा रंग आणि तेज आहे. साय पुरती आवळून येण्यापूर्वींच घासून धुऊन काढली तर खडी उघडी पडते, आणि मग निवड करावयाची ती खडीची. गुलाबी पाहिजे तर गुलाबी दगड फोडावा, शुभ्र पाहिजे तर गारगोटी घ्यावी. मेरिडियन हिल येथील सार्वजनिक उद्यानाच्या भिंती त्यानें या रीतीनें केल्या. परंतु त्याच्या हातचें सर्वांत थोर काम म्हणजे शिकागोजवळील विल्मेट येथील बहाई मंदिराचें आवरण. लुई बूर्ज्वा या स्थपतीनें कल्पिलेली जाळीदार नक्षी दगडांत कोरावयाची तर कित्येक पिढ्या लागल्या असत्या. अर्लीनें ती पांढरें सिमेंट आणि गारगोटीची पूड-खडी यांच्या फलकांत ओतून काढली. अर्ली १९४५ त वारला. मंदिराचें समर्पण १९५३ सालीं झालें.

याच पंथाचें दिल्लींतील कमळाकृति मंदिर १९८६ मध्यें पुरें झालें. तेथें आंत काँक्रीटच, पण वर ग्रीसहून आणलेला संगमरवर. एका पंथाच्या दोन मंदिरांनीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं आहेत. आम्हांस विल्मेटचा मार्ग अधिक प्रांजळ वाटतो. मात्र दिल्लीचें कमळ पाहून डोळे अधिक निवतात, हेंहि नाकारतां येत नाहीं.

देवळांतून ही विद्या दुकानदारींत यावयास वेळ लागला नाहीं. न्यूयॉर्क येथें १९६३ सालीं उघडलेल्या एकुणसाठ मजली पॅन अ‍ॅम इमारतीवर गारगोटीमिश्रित काँक्रीटचे सुमारें नऊ हजार फलक चढविले गेले. वॉल्टर ग्रोपियस आणि पिएत्रो बेलुस्की यांच्यासारखे नामांकित स्थपति या कामीं सल्लागार होते. इमारत लोकांस आवडली नाहीं ती नाहींच. परंतु त्या नावडीचें कारण तिचा अवाढव्य देह होता, तिचें वस्त्र नव्हे. त्यानंतर नऊ वर्षांनीं सॅनफ्रान्सिस्को येथें ट्रान्सअमेरिका कंपनीचा निमुळता मनोरा उभा राहिला: मजले ४८, उंची ८५३ फूट. विल्यम पेरेरा याच्या या रचनेसहि पांढऱ्या गारगोटीच्या चुऱ्याचेंच काँक्रीटी आवरण आहे. त्या शहराच्या धुक्यांतून तो मनोरा फिकट चांदीसारखा चमकतो, तो या चुऱ्यामुळें. शहर भूकंपाच्या पट्ट्यांतील. १९८९ सालच्या मोठ्या भूकंपांत त्याचा माथा जवळ जवळ फूटभर हेलकावला, तरी इमारतीस इजा झाली नाहीं. टनावारी वजनाचे फलक अंगावर बाळगून हेलकावे खावयाचे, आणि एकहि फलक रस्त्यावर पडूं द्यावयाचा नाहीं, हें कसें साधतें तें समजण्यासाठीं आधीं फलक कसा करतात तें पाहिलें पाहिजे.

आमच्या वाचक भगिनींस ही कृति पुरुषांपेक्षां लौकर समजेल, असें आम्हांस वाटतें. कारण ती बरीचशी अनारशासारखी आहे. अनारसा खसखशीवर थापतात, आणि जी बाजू खालीं असते तीच पुढें दर्शनी ठरते. काँक्रीटचा फलकहि तोंड खालीं करून घडतो. सपाट साच्याच्या तळाला सिमेंट जमण्यास उशीर लावणारें एक द्रव्य फासतात. त्यावर निवडक खडी आणि पांढरें किंवा रंगीत सिमेंट यांचा दीड-दोन इंचांचा दर्शनी थर, त्यावर सळयांची जाळी, आणि मागें साधें काँक्रीट. दुसऱ्या दिवशीं फलक उलटून काढला कीं, पाठीचें काँक्रीट कठीण झालेलें असतें, पण तोंडावरची साय अद्याप कच्ची असते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें ती धुतली म्हणजे खडी उमलून येते. याहून सौम्य रूप पाहिजे असल्यास पातळ आम्लानें धुतात, खरखरीत पाहिजे असल्यास वाळूचा मारा करतात. पुढें कित्येक दिवस ओलावा राखावा लागतो. या कामांत घाई करणारा कारखानदार आणि पाक कच्चा ठेवणारी सुगरण यांचें फळ एकच. फरक इतकाच कीं, बिघडलेली वडी घरांतल्या घरांत संपवितां येते.

आतां वजनाचा हिशेब. एक घनमीटर काँक्रीट सुमारें २४०० किलो भरतें. दीडशें मिलिमीटर, म्हणजे सहा इंच जाडीच्या फलकाचा प्रत्येक चौरस मीटर ३६० किलोंचा झाला. तीन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद असा मध्यम फलक घेतला तरी तो सोळाशें किलोंच्या वर जातो. यारीनें उचलून तो विसाव्या मजल्यापाशीं नेला, पण तेथें तो धरावयाचा कोणी?

येथें आमच्या अंगरख्याचे बंद येतात. प्रत्येक फलकाच्या पाठींत पोलादी आंकडे ओततांनाच बसविलेले असतात. यांपैकीं बहुधा दोनच आंकडे फलकाचें वजन सांगाड्याच्या तुळईवर टेकवितात. उरलेले केवळ त्यास पुढेंमागें कलूं देत नाहींत, पण वरखालीं अथवा बाजूला थोडें सरकूं देतात; त्यासाठीं त्यांचीं भोंकें लांबट ठेवलेलीं असतात. अननुभवी माणसास वाटतें कीं, जितके बंद घट्ट तितका अंगरखा बळकट. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. सहा मीटर लांबीचा फलक थंडीच्या पहाटेपासून वैशाखांतील दुपारपर्यंत, पृष्ठभागाचें उष्णमान चाळीस अंशांनीं चढलें असतां, सुमारें अडीच मिलिमीटर वाढतो. सांगाडा मात्र सावलींत असल्यामुळें जागच्या जागीं राहतो. चारी कोपरे जखडून टाकले तर या अडीच मिलिमीटरांना जावयास वाट नसते. मग एक तर काँक्रीट तडकतें, नाहीं तर आंकडा तुटतो. भूकंपांत तर एक मजला दुसऱ्यावर आडवा सरकूं पाहतो. ट्रान्सअमेरिकेच्या आवरणाची भिस्त याच तत्त्वावर आहे: फलकांनीं सांगाड्याशीं झगडूं नये, आपल्या सांध्यांतल्या सांध्यांत हलावें.

हे सांधे म्हणजे दोन फलकांमधील बोटभर रुंदीच्या फटी. त्या रबरासारख्या लवचीक लुकणानें बुजवितात. काँक्रीट साठ-सत्तर वर्षें टिको. लुकण पंधरा-वीस वर्षांत वाळतें, कडेनें सुटतें, आणि मग पाऊस आंत शिरतो. इमारत बांधतांना याचा खर्च कोणी सांगत नाहीं, कारण तो पुढच्या संचालक मंडळाच्या माथीं बसावयाचा असतो. नॉर्वे आणि कॅनडा या देशांतील संशोधकांनीं १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या दुखण्यावर एक युक्तीचा उपाय मांडला. पाणी सांध्यांतून आंत ओढलें जातें तें बाहेरच्या आणि आंतल्या हवेच्या दाबांतील फरकामुळें. तेव्हां बाहेरची लुकणाची रेघ मुद्दामच थोडी उघडी ठेवावी, मागें हवेची पोकळी सोडावी, आणि हवाबंद रेघ तिच्याहि मागें करावी. पोकळींतील दाब बाहेरच्या इतकाच झाला कीं, पावसाला आंत ढकलणारें कोणी उरत नाहीं. जें थोडें शिरतें तें पोकळींतून खालीं ओघळून बाहेर पडतें. ज्या मुंबईंत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, आणि तोहि समुद्रावरच्या वाऱ्यानें आडवा मारतो, तेथें एका रेघेवर विसंबणें म्हणजे मृगांत छत्री घरीं ठेवून निघणें होय.

पाऊस आंत न शिरला तरी बाहेरून ओघळतोच. जुन्या देवळांना आणि वाड्यांना छज्जे, पागोळ्या आणि पट्टिका होत्या. पाणी त्यांवरून भिंतीपासून दूर पडे. आधुनिक स्थपतीस सपाट तोंड आवडतें. परिणाम असा कीं, गच्चीवरची सारी धूळ खिडक्यांच्या कोपऱ्यांतून काळ्या अश्रूंसारखी खालीं उतरते, आणि पांच वर्षांची इमारत पन्नास वर्षांची दिसूं लागते. प्रत्येक फलकाच्या खालच्या कडेला बोटभर खांच ठेवली तर थेंब तेथेंच सुटून पडतो. ही खांच साच्यांत एक पट्टी ठोकली कीं फुकट मिळते; मागाहून मात्र लाख रुपये खर्चूनहि मिळत नाहीं.

आमच्या मुंबईचा या विषयाशीं संबंध कांहीं केवळ पावसापुरता नाहीं. पोरबंदर येथें १९१४ त सिमेंट निघूं लागलें आणि १९३६ मध्यें देशांतील अनेक कारखाने एका कंपनीत आले, त्या दोन दशकांत मुंबईनें आपलें रूप पालटलें. तत्पूर्वींचीं सरकारी भवनें कुर्ल्याच्या काळ्या दगडाचीं आणि मालाडच्या पिवळसर दगडाचीं. नंतरच्या इमारती काँक्रीटच्या सांगाड्याच्या, गुळगुळीत गिलाव्याच्या. १९३८ मधील ईरॉस चित्रगृहाला आग्र्याच्या तांबड्या दगडाचें अर्धवट आवरण आहे. फोर्टमधील न्यू इंडिया विमा कंपनीची १९३६ ची इमारत मास्टर, साठे आणि भुता या स्थपतींची. तिच्या दर्शनी भागावरील शेतकरी, कोष्टी, कुंभार यांच्या भव्य आकृति ना. ग. पानसरे यांनीं घडविल्या. मराठी हाताचें हें काम पाहण्यासाठीं वाचकांनीं त्या बाजूस गेल्यावर एकदां मान वर करावी, अशी आमची शिफारस आहे. फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह या भागांतील गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहास युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकीं जेथें जेथें समुद्राचा वारा पोंचतो, तेथें तेथें गिलावा निघतो, मागची सळई फुगते, आणि डागडुजीच्या परात्या दर कांहीं वर्षांनीं चढतात.

हेंच तें लोखंड-काँक्रीटच्या संसारांतील दुःख. ताजें काँक्रीट चुन्यामुळें अतिशय क्षारयुक्त असतें, आणि तोंवर लोखंड त्याच्या कुशींत सुरक्षित असतें. परंतु हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु वर्षानुवर्षें आंत झिरपून हा क्षार मारतो. समुद्राकांठीं खारा अंश त्याहूनहि लौकर सळईपर्यंत पोंचतो. मग गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षां किती तरी पट जागा घेतो, आणि काँक्रीटची खपली आंतून ढकलून देतो. म्हणून सळईवर काँक्रीटचें किती जाड पांघरूण असावें, याचे आपल्या भारतीय मानकानें (आय. एस. ४५६, आवृत्ति २०००) नियमच घालून दिले आहेत: समुद्रकांठच्या हवेस उघड्या राहणाऱ्या भागीं ४५ मिलिमीटर, लाटांचे तुषार येत असतील तर ५०. आतां चार इंची, म्हणजे शंभर मिलिमीटरांच्या फलकाचा विचार करा. दोन्ही बाजूंनीं पंचेचाळीस वजा केले कीं सळईसाठीं दहा मिलिमीटर उरतात! तेव्हां समुद्राकांठीं एक तर फलक जाड करावा, नाहीं तर जस्त चढविलेली अथवा न गंजणारी सळई घ्यावी. ‘पातळ करूं, वजन वांचेल’ असें म्हणणाऱ्या कंत्राटदारास हा वजाबाकीचा हिशेब कागदावर मांडावयास सांगावा.

लोखंडच नको, असा तिसरा मार्ग इंग्लंडांत निघाला. सिमेंटमध्यें कांचेचे तंतु मिसळावे ही कल्पना जुनी. पण साधी कांच सिमेंटच्या क्षारांत विरघळत जाते आणि कांहीं वर्षांत तंतूंतील बळ नाहींसें होतें. तेथील सरकारी बांधकाम संशोधन केंद्रांत डॉ. ए. जे. मजुमदार यांनीं झिर्कोनिया घातलेल्या कांचेचे तंतु या क्षारास पुष्कळ अंशीं दाद देत नाहींत असें दाखविलें, आणि १९७१ च्या सुमारास पिल्किंग्टन कंपनीनें ते बाजारांत आणले. आज ज्यास जी. एफ. आर. सी. म्हणतात तो हाच प्रकार. बंदुकीसारख्या नळीनें सिमेंटचा रांधा आणि तंतु साच्यावर फवारतात. अवघ्या बारा मिलिमीटरांच्या कवचाचा चौरस मीटर पंचवीस किलोंच्या आंत-बाहेर भरतो. मागच्या पोलादी चौकटीसह धरला तरी तो भरीव फलकाच्या मानानें फूलच. वळणें, पाकळ्या, जाळ्या, वाटेल तें रूप त्यांत घडवितां येतें, आणि म्हणूनच आपल्याकडील नव्या व्यापारी इमारतींवर, आणि दुर्दैवानें बनावट रोमन खांबांवरहि, त्याची चलती आहे. शिवाय सिमेंटच्या धंद्यांतून जगांतील एकूण कर्बवायूपैकीं सुमारें सात-आठ टक्के बाहेर पडतो, हें लक्षांत घेतां जेथें बारा मिलिमीटरांत भागतें तेथें दीडशें ओतणें शहाणपणाचें नव्हे. परंतु हें कवच ओलें-सुकें होतांना बरेंच आखडतें आणि फुगतें. चौकटीशीं तें बारीक, वांकणाऱ्या सळयांनींच जोडावें लागतें. आमच्या पाहण्यांतल्या एका पेढीच्या शाखेवर तें थेट भिंतीस स्क्रूनें आवळलें होतें. दुसऱ्या उन्हाळ्यांत प्रत्येक स्क्रूपासून तड गेली.

कांचेचा, दगडाचा आणि पत्र्याचा अंगरखा निर्दोष आहे, असेंहि नव्हे. शिकागो येथील स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या १९७३ सालच्या मनोऱ्यावर इटलींतील करारा येथील संगमरवराच्या सुमारें त्रेचाळीस हजार पातळ फरश्या लाविल्या होत्या. ऊन-थंडीच्या फेऱ्यांत त्या पापडासारख्या बाक धरूं लागल्या, आणि १९९० ते १९९२ या काळांत आठ कोटी डॉलरांच्या घरांत खर्च करून सारा संगमरवर उतरवून ग्रॅनाइट बसवावा लागला. लंडनमधील ग्रेनफेल मनोऱ्याची कथा याहून दारुण. तेथील बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमी आवरणाच्या पोटांत प्लॅस्टिकचा थर होता. १४ जून २०१७ च्या रात्रीं एका घरांत लागलेली आग त्या आवरणावरून माथ्यापर्यंत चढली आणि ७२ माणसें मृत्यु पावलीं. त्या मनोऱ्याचा मूळ काँक्रीटी देह जळला नव्हता. जळलें तें मागाहून शोभेसाठीं आणि उबेसाठीं चढविलेलें वस्त्र. काँक्रीटचा फलक जळत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण. मात्र त्याच्या आणि स्लॅबच्या मध्यें जी फट राहते ती मजल्यामजल्याला आगरोधक द्रव्यानें बुजविली नाहीं, तर तीच धुराड्याचें काम करते. कांचेच्या इमारतींविषयीं आमचें मत थोडक्यांत इतकेंच कीं, लंडनच्या ढगाळ हवेंत जी कांच उजेड आणते ती नागपुरास भट्टी पेटविते, आणि मग थंड हवेच्या यंत्रांचें बिल भरावें लागतें. काँक्रीटच्या खोल चौकटींनीं, उभ्या-आडव्या पट्ट्यांनीं अथवा जाळीनें खिडकीवर सावली धरणें हा आपल्या देशाला शोभणारा मार्ग आहे.

राहतां राहिला तो रस्त्यावरचा माणूस. न्यूयॉर्कमध्यें १९७९ सालच्या मे महिन्यांत एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या डोक्यावर इमारतीचा तुकडा पडून तिचा अंत झाला. दुसऱ्याच वर्षीं त्या नगरीनें कायदा केला: सहा मजल्यांवरील प्रत्येक इमारतीचें दर्शनी अंग दर पांच वर्षांनीं तज्ज्ञाकडून तपासून घेतलेंच पाहिजे. १९९८ मध्यें तो अधिक कडक करून बाजूच्या व मागच्या भिंतींसहि लागू करण्यांत आला. आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांतील कलम ३५३-ब प्रमाणें तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या बळकटीची तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. ही तरतूद चांगलीच आहे; पण तीस वर्षांची मर्यादा सांगाड्याच्या आयुष्यास साजेशी आहे, आंकड्यांच्या नव्हे. खाऱ्या हवेंतील साधा पोलादी आंकडा लुकण फुटल्यावर इतकी वर्षें वाट पाहात नाहीं, आणि तो फलकाच्या मागें असल्यामुळें गंजलेला डोळ्यांस दिसतहि नाहीं.

म्हणून ज्यांच्यावर अशा इमारतीच्या नकाशावर सही करण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं स्थपतीचें रंगीत चित्र पाहून हुरळून जाण्यापूर्वीं आंकड्याचा एक नमुना टेबलावर मागवावा, आणि तो कोणत्या पोलादाचा आहे तें लेखी घ्यावें. फलकाच्या मागें पोंचून आंकडा तपासण्यासाठीं कोठें कोठें जागा ठेवली आहे, तें नकाशावर बोट ठेवून दाखवावयास सांगावें. गच्चीवरून पाळणा सोडून बाहेरून धुण्याची आणि लुकण बदलण्याची सोय आहे कीं नाहीं, हेंहि विचारावें. दोन मजली उंचीचा नमुना-भाग कारखान्यांत उभारून त्यावर पंख्याच्या वाऱ्यासह पाण्याचा मारा करून पाहण्याची परीक्षा असते. तिचा खर्च एकूण कामाच्या मानानें थोडा असतो, आणि कंत्राटांत आधींच लिहिला नसेल तर पुढें कोणी करीत नाहीं. रंगाची पसंती वातानुकूलित खोलींत हातभर तुकडा पाहून देऊं नये. पुरा फलक उघड्यावर ठेवून त्यावरून एक पावसाळा जाऊं द्यावा, आणि मगच पाटी फोडावी. त्याच खडीच्या आणि त्याच सिमेंटच्या घाण्यांतून दहा-बारा फलक अधिक ओतवून तळघरांत जपून ठेवावे. कारण खाणीचा तो थर संपला कीं, पुढें एखादा फलक बदलावा लागल्यास तसा रंग पुन्हा मिळत नाहीं.